नट आवळून आवाज जात नसतो

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. गेली दोन वर्षं क्लच दाबला की करकर आवाज येतो. दीड वर्षात दोन केबली बदलल्या. नवी टाकली की चार-पाच महिने बरं, मग पुन्हा पेडल जड आणि आवाज सुरू. मागच्या महिन्यात मिस्त्रींनी केबलीचा नट चांगला आवळून दिला, चार दिवस आवाज गेला, नंतर परत आला. आता तर मुलीकडे नगरला जाताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडी नुसती रेस घेते, पुढं ओढत नाही. केबल कोणत्या कंपनीची टाकावी? ता. क. बॅटरी नवीन असून सकाळी सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो, त्याचंही पुढच्या वेळी विचारीन.
– एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : गुरुजी, ता. क. पुढच्या वेळेवर ढकलू नका. माझ्या अंदाजानं तुमचं मूळ दुखणं त्यातच आहे. पण तिकडं मागाहून येतो. आधी तो आवळलेला नट सैल करा, आणि तोवर गाडी घाटात नेऊ नका.

क्लच केबल म्हणजे नळीतून जाणारी तार. तुम्ही पेडल दाबता, तार ओढली जाते, गियरबॉक्सवरची दांडी फिरते आणि रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला दाबतं. मग क्लच प्लेट सुटते आणि इंजिनाचा जोर चाकांकडं जायचा थांबतो. नट आहे तो तारेची लांबी जुळवायला. आवाज येतो तो कुठंतरी कोरडं घासण्यामुळं. आवळल्यावर तार आपली घासायची जागा थोडी सरकवते, म्हणून चार दिवस शांतता मिळते, बस. बदल्यात जातो पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे जड लागण्याआधी पेडल फुकट जातं ते अंतर. खेळ गेला की बेअरिंग कायम प्रेशर प्लेटला टेकून राहतं, क्लच प्लेट पूर्ण धरत नाही आणि घाटात तुम्हाला आलं ते होतं. त्यातही जुन्या गाडीत क्लच प्लेट झिजते तसा हा खेळ आपोआप कमीच होत जातो. म्हणजे तुमच्या गाडीचा नट आवळायचा नव्हे, उलट मधूनमधून सैल करायचा होता.

शाळेतली फूटपट्टी असेलच घरात. ती पेडलच्या बाजूला उभी धरा आणि पेडल पायानं नाही, हातानं दाबा. सुरुवातीला ते फुकट जातं, मग हाताला जड लागतं. ते फुकटचं अंतर मी आठशेला १५ ते २५ मिलिमीटर ठेवतो. गाडीसोबतचं पुस्तक सापडलं तर माझा सोडून त्यातलाच आकडा खरा माना. बॉनेट उघडून गियरबॉक्सकडच्या टोकाला चुडी असलेला दांडा आणि त्यावर नट दिसेल. नट सैल केला की खेळ वाढतो. एकदम चार आटे फिरवू नका. थोडा फिरवा, पेडल पाच-सहा वेळा दाबा, परत मोजा. खेळ फार वाढला तर क्लच पूर्ण सुटणार नाही आणि रिव्हर्स टाकताना गियर कर्र करून ओरडतील. त्या आवाजाला नट खरंच जबाबदार असतो.

मग सपाट मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, इंजिन चालू करून चौथा गियर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन दम कोंडून बंद पडलं तर प्लेटीत जीव आहे. गुरगुरत चालूच राहिलं तर प्लेट गेली, केबलीचा विचार सोडा. हे एकदाच करा, पोरांना दाखवायला पुन्हा पुन्हा नको.

आता आवाज. इंजिन बंद ठेवून घरातल्या कुणाला तरी पेडल हळू दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटमध्ये केबलीची नळी मुठीत धरा. केबल घासत असेल तर मुठीला खरखर कळते, कानापेक्षा मूठ खरं सांगते. मुठीला काही लागलं नाही तर बोट गियरबॉक्सच्या दांडीच्या मुळाशी ठेवा, तिथला बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ती नळी, कोरडा पडला की अगदी जुन्या वाड्याच्या दारासारखा ओरडतो. तिथंही नाही तर पेडलच्या वरचा हूक आणि पेडलचा बुश. या दोन जागांना बोटभर ग्रीस पुरतं. मी निम्म्या ‘केबल वाजायली’वाल्या गाड्या वीस रुपयांच्या ग्रीसवर परत पाठवल्या आहेत. गिऱ्हाईकाला वाटायचं, यानं काही केलंच नाही.

केबलच घासत असेल तर तिच्यात तेल ओतायची घाई नको. टोकाशी बघा, आत पांढरी प्लॅस्टिकची नळी दिसली तर ती तेलाशिवायच चालायला केलेली असते. आपल्याकडं काळ्या मातीचा फुफाटा. तेलात तो बसला की पॉलिश पेपरसारखं काम करतो. अस्तर नसलेली जुन्या पद्धतीची असेल तर मात्र काढून खुंटीला उभी टांगा, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचं नरसाळं सुतळीनं बांधा, त्यात चमचाभर पातळ तेल घाला आणि रात्रभर झिरपू द्या. सकाळी खालून काळं पाणी टपकलेलं दिसेल.

पण तुमच्या दोन केबली दीड वर्षात का गेल्या? इथं तुमचा ता. क. येतो, आणि माझी एक जुनी चूकही. जिंतूर रोडला गॅरेज टाकलं तेव्हाची गोष्ट. मानवतच्या एका कापूसवाल्या शेटजींच्या आठशेला मी वर्षात तीन केबली टाकल्या आणि दरवेळी पार्टवाल्याशी भांडलो. चौथ्यांदा शेटजी आले ते तणतणतच. सेल्फ मारा म्हणालो आणि सहज हात केबलीवर ठेवला, तर चटका बसला.

इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळं बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं ते वेगळं. सेल्फ फिरताना शंभरेक अँपिअर ओढतो आणि तो करंट बॅटरीच्या मायनसला परत जायला इंजिनापासून एक जाड अर्थिंगची वायर असते. तिचा बोल्ट गंजला किंवा वायर आतून तुटली, तर करंट दुसरी वाट शोधतो. लोखंडाची क्लच केबल आणि रेसची केबल इंजिनापासून बॉडीपर्यंत आयतीच पोचलेली असते. बारीक तारेतून एवढा करंट गेला की ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर मऊ होऊन तारेला चिकटतं. पेडल जड होतं, आवाज येतो. आणि करंटाला धड रस्ता नाही म्हणून सेल्फ मरगळतो, बॅटरी कितीही नवी असो. शेटजींच्या गाडीची अर्थिंग वायर बदलली. त्यानंतरची केबल गाडी विकेपर्यंत टिकली. पार्टवाल्याला मी चहा पाजला, तो अजून टोमणे मारतो.

खात्री करायची तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायच्या जाड जंपर वायरींपैकी एक घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला लावा. पंखा आणि पट्ट्यापासून वायर लांब ठेवा, गियर न्यूट्रलमध्ये. सेल्फ एकदम तरतरीत फिरला तर चोर सापडला. अर्थिंगचे दोन्ही बोल्ट काढून पॉलिश पेपरनं चकचकीत करा, वायर हिरवी पडली असेल तर नवी टाका. त्यानंतरच तिसरी केबल घ्या. ती बसवताना जुनीच्याच वाटेनं न्या, कुठं तीव्र वळण देऊ नका.

कंपनीचं विचारलंत. अर्थिंग नीट असेल तर कोणत्याही बऱ्या कंपनीची चालेल.

प्रश्न : माझ्या अल्टोचा क्लच दाबला की सूंऽऽ असा आवाज येतो, सोडला की बंद. गॅरेजवाले केबल बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, इंजिन बंद करून क्लच दाबा. आवाज आला नाही तर केबल बिचारी निर्दोष आहे, ते रिलीज बेअरिंग आहे. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर ते लवकर जातं. त्यासाठी गियरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मजुरीच जास्त लागते, म्हणून प्लेट झिजलेली असेल तर तीही त्याच वेळी बदलून घ्या. उतरवलाच आहे तर इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळत नाही ना, तेही बघायला सांगा.