तिरुवैयारूला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

त्यागराज आराधनेसाठी, म्हणजे कर्नाटक संगीतातील संत-रचनाकार त्यागराज यांच्या पुण्यतिथीच्या संगीतोत्सवासाठी, आपण प्रथमच तमिळनाडूतील कावेरीकाठच्या तिरुवैयारूला जाणार आहात, म्हणून अनेक वर्षे तेथे जाणाऱ्या माणसाच्या नात्याने काही सांगतो. आराधना पौष वद्य पंचमीस, म्हणजे बहुधा जानेवारीत येते. मुक्काम सुमारे 13 किलोमीटरवरील तंजावरला करावा, कारण गावात त्या दिवसांत खोली मिळणे कठीण असते. पहाटेच निघावे.

त्यागराजांच्या पंचरत्न कृतींचे, म्हणजे पाच प्रसिद्ध रचनांचे, सामूहिक गायन सकाळी होते. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतील या रचनांपैकी पहिली संस्कृतात व उरलेल्या चार तेलुगूत आहेत. त्यांची देवनागरी संहिता आधी घरी दोन-चारदा ऐकत वाचली, तर मांडवात बसल्यावर शब्द हरवत नाहीत. त्यागराजांच्या समाधीवरचे मंदिर गायिका बंगळूर नागरत्नम्मा यांनी स्वखर्चाने उभारले आणि एके काळी तेथे गाण्याची मुभा नसलेल्या स्त्रियांसाठी त्या झगडल्या. समाधीसमोरच त्यांचेही स्मारक आहे, ते न पाहता परतू नये. (घाईत बहुतेक जण परततात.)

येथील कावेरीचे पाणी नदीवरच्या मेट्टूर धरणाच्या विसर्गावर अवलंबून असते आणि तो साधारणपणे 12 जून ते 28 जानेवारी असा ठरलेला असल्याने, उन्हाळ्यात गेल्यास वाळूच दिसेल. गावातले ऐयारप्पर हे शिवमंदिर दुपारी बंद असते. तेवढ्या वेळात मूगडाळीचा, तुपाने निथळणारा ‘अशोका’ हलवा खावा. तंजावरला परतल्यावर मात्र सरस्वती महाल ग्रंथालयासाठी वेगळा दिवस राखावा, कारण तेथे मराठी हस्तलिखितांचाही मोठा संग्रह आहे.