वाचक विचारतात : आधी नोंदवही, मग स्कॅनर

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीची तीनेकशे मराठी पुस्तके आहेत. पान उलटले की कडा गळतात. एका सभासदाने स्कॅनर दिला आहे. सुरुवात कशी करावी? ही पुस्तके वाचकांना फोनवर देता येतील का?
– कार्यवाह, ठाणे

उत्तर : स्कॅनर तूर्त झाकूनच ठेवा आणि दाखल नोंदवही उघडा. पुस्तकाचे नाव, आवृत्ती, प्रकाशनवर्ष आणि लेखकाचे मृत्युवर्ष एका तक्त्यात भरा. शेवटच्या रकान्यावर पुढचे सगळे ठरते. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे कॉपीराइटचे हक्क राहतात आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. म्हणजे १९६४ साली वारलेल्या लेखकाची त्याच्या हयातीत छापलेली पुस्तके १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाली. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचेही वर्ष पाहा. इथे हमखास चूक होते. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाची छापील प्रत तुमच्याकडे असली, तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर वाटता येत नाही.

यादी झाली की तुमच्याच गावातल्या १८९३ सालच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाने आणि राज्य मराठी विकास संस्थेने स्कॅन केलेल्या पुस्तकांशी ती ताडून पाहा. तीच आवृत्ती तिथे असेल तर तुमचे श्रम दुसऱ्या पुस्तकासाठी वाचतील.

आता यंत्र. काचेवर पालथे दाबायचा स्कॅनर अशा पुस्तकांना लावूच नका, पाठ मोडते. फोमच्या दोन उतरत्या ठोकळ्यांवर पुस्तक अर्धवट उघडे ठेवा आणि वरून, स्टँडला लावलेल्या फोनने एकेक पान टिपा. साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या पानाला ४०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ४०० ठिपक्यांनी, २२०० बाय ३४०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोनला एक पान सहज झेपते, जोडपान झेपत नाही. मागची छपाई उमटत असेल तर पानाखाली काळा कागद सरकवा. दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे हवेत. फोनमधली ‘डॉक्युमेंट’ सोय बंद ठेवा : ती पान पांढरेफेक करताना फिकट अनुस्वार खाते आणि ‘मंद’चा ‘मद’ होतो.

२०० पानांचे पुस्तक रंगीत टिफमध्ये, म्हणजे चित्र न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये, साडेचार जीबीच्या आसपास जाते. फाइलच्या नावात दाखल क्रमांक आणि पान क्रमांक हवेतच. दोन हार्ड डिस्क घ्या. एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट पाने एकमेकांना चिकटतात.

चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणारी टेसरॅक्ट ही संगणक प्रणाली मराठी ओळखते, पण छपाईच्या जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे चुकवते. तपासणी होईपर्यंत तो मजकूर फक्त शोधापुरता वापरा. वाचायला पानाचे चित्रच द्या.

प्रश्न : सगळे फोनवर मिळते. मग सोसायटीचे वाचनालय बंद करून पुस्तके रद्दीत द्यावीत का?
– एक सभासद, नेरुळ

उत्तर : नको. घरात जागा नसलेल्या परीक्षार्थींना टेबल, दिवा आणि शांतता फोन देत नाही. पाच वर्षांत कुणी न नेलेली, बाजारात सहज मिळणारी पुस्तके खुशाल काढा. पण सोसायटीच्या स्मरणिका, गणेशोत्सवाचे अंक, वसाहत नवी असतानाच्या पुस्तिका यांना हात लावू नका. दुसऱ्या कुणाकडे त्या असण्याची शक्यता फार कमी. वर सांगितलेल्या पद्धतीने आधी त्याच टिपून घ्या.