बेस गिटारचे ट्यूनिंग बदलल्यावर स्केल आणि कॉर्ड पुन्हा शिकाव्या लागतात का?

चार तारांच्या बेसवर ड्रॉप डी (फक्त सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवणे) किंवा बी-ई-ए-डी (जाड तारेपासून बारीक तारेपर्यंतचे स्वर) असे ट्यूनिंग केल्यास बोटांत बसलेल्या स्केल आणि कॉर्ड नव्याने पाठ कराव्या लागतील का, असे आपण विचारले आहे. नव्याने पाठ करण्यासारखे त्यात फार थोडे असते. शेजारच्या दोन तारांमधले अंतर बदलले आहे की नाही, एवढेच आधी पाहावे. नेहमीच्या ई-ए-डी-जी ट्यूनिंगमध्ये हे अंतर सर्वत्र पाच फ्रेटचे, म्हणजे मानेवरच्या पाच घरांचे, असते. बी-ई-ए-डी किंवा डी-जी-सी-एफ मध्येही ते पाचच राहते, म्हणून तेथे सगळे आकार जसेच्या तसे चालतात आणि फक्त स्वरांची नावे बदलतात.

ड्रॉप डी मध्ये मात्र सर्वांत जाड तार एकटीच 41.2 हर्ट्झवरून सुमारे 36.7 हर्ट्झवर उतरते आणि तिच्यात व ए तारेत सात फ्रेटचे अंतर पडते. इतर तीन तारांवर काहीही बदलत नाही, पण जाड तारेवरचा प्रत्येक स्वर दोन फ्रेट पुढे सरकतो. त्यामुळे जी मेजर तिसऱ्याऐवजी पाचव्या फ्रेटवर सुरू होते, पुढचा ए सातव्यावर येतो आणि लगेच बी साठी हात ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटपर्यंत मागे न्यावा लागतो. अशा वेळी सातव्या फ्रेटऐवजी मोकळी ए तार वाजवावी, म्हणजे ती वाजत असतानाच हात निवांतपणे मागे येतो.

या सात फ्रेटच्या अंतराचा खरा लाभ डी मेजरमध्ये दिसतो. जाड तारेवर मोकळी, 2, 4, 5 असे वाजवले की सा रे ग म होतात, आणि ए तारेवर नेमके तेच आकडे पुन्हा वाजवले की प ध नि सां मिळतात. पूर्वांग (सा ते म) आणि उत्तरांग (प ते सां) यांची रचना सारखी असेल तेथे हे हमखास जमते: डोरियन स्केलसाठी (काफीप्रमाणे कोमल ग आणि नि) दोन्ही तारांवर मोकळी, 2, 3, 5 आणि भैरवच्या स्वरांसाठी मोकळी, 1, 4, 5. ड्रॉप डी शिकताना पहिला अभ्यास हाच करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

कॉर्डच्या बाबतीत, जाड बाजूच्या तीन तारा एकाच फ्रेटवर एका बोटाने दाबल्या की मूळ स्वर, पंचम आणि वरचा षड्ज एकत्र मिळतात. गंधार मात्र इतक्या खालच्या सप्तकात मूळ स्वराला खेटून घेतला तर नाद गढूळ होतो, म्हणून तो एक सप्तक वर, जी तारेवर घ्यावा. जी सेव्हनसाठी जाड तारेचा पाचवा, डी तारेचा तिसरा आणि जी तारेचा चौथा फ्रेट दाबावा व ए तार गप्प ठेवावी. डी तारेवर तिसऱ्याऐवजी चौथा घेतला की मेजर सेव्हन होते.

सर्वच तारा सात फ्रेटच्या अंतराने जुळवण्याची पद्धतही आहे: सी-जी-डी-ए. जॅझमधील डबल बेस वादक रेड मिचेल यांनी 1966 मध्ये ती स्वीकारली. तिच्यात दोन तारांचा हा आकार कोणत्याही जोडीवर चालतो, पण हात सतत सरकवावा लागतो.

तार उतरवली की तिचा ताण कमी होऊन ती फ्रेटवर खडखडते, तेव्हा थोडी जाड तार लावावी. बी-ई-ए-डी साठी पाच तारांच्या संचातील जाड चार तारा वापराव्यात. त्यासाठी नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतात, आणि मानेचा बाक व ब्रिजवरचे इंटोनेशनही (प्रत्येक फ्रेटवर स्वर अचूक लागतो की नाही) पुन्हा तपासून घ्यावे.