बाहेरून आणलेला गेम कन्सोल लावण्याआधी

भावा, काकांनी अमेरिकेतून कन्सोल आणला ना, मग घाई करून लगेच सॉकेटमध्ये घालू नकोस, आधी चार्जर उलटा कर आणि त्यावर बारीक अक्षरात इनपुट (म्हणजे त्याला किती व्होल्ट चालतात) काय लिहिलंय ते वाच, मोबाईलने फोटो काढून झूम केलास की दिसतं. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात, अमेरिकेत १२०, जपानमध्ये तर फक्त १००. इनपुट १००-२४० असेल तर काहीच टेन्शन नाही, निन्टेन्डो स्विचचा ओरिजिनल ॲडॅप्टर असाच असतो, फक्त चपट्या पिनांसाठी कन्व्हर्टर प्लग घे, कुठल्याही मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानात मिळेल.

पण नुसतं १२० लिहिलं असेल (अमेरिकेतल्या थ्रीडीएसचा, म्हणजे निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या जुन्या कन्सोलचा, चार्जर तसाच आहे) तर थांब. तो कन्व्हर्टर प्लग फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, हे लोकांना कळतच नाही. माझ्या मामेभावाने सिडकोत घरी जपानचा जुना चार्जर असाच लावला, दोन मिनिटांत जळका वास, चार्जर गेला, नशीब कन्सोल वाचला. मला आजही वाईट वाटतं की मी तेव्हा तिथे नव्हतो.

अशा वेळी व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड असतो. थ्रीडीएसला त्यापेक्षा यूएसबी चार्जिंग केबल घे, साध्या ५ व्होल्टच्या मोबाईल चार्जरवर चालते. आणि पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेव रे.