‘स्मृती व्याख्यान’ की ‘स्मृतिव्याख्यान’? आणि ‘समावेशक’ की ‘समावेशी’?

विचारणा अशी आहे: एका विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात प्रा. राम ताकवले यांच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान ठेवायचं घाटतंय. पत्रिकेच्या मसुद्यात ओळ आहे, ‘सर्वसमावेशी उच्च शिक्षणाचे प्रणेते कै. प्रा. राम ताकवले यांच्या सन्मानार्थ स्मृती व्याख्यान’. विचारणाऱ्या बाईंना तीन शंका आहेत. ‘स्मृती’ ऱ्हस्व की दीर्घ, ‘सन्मानार्थ’ चालेल का, आणि ‘समावेशी’ हा शब्द मराठी आहे का.

पहिल्या शंकेचं उत्तर सरळ आहे. ‘स्मृती’ एकटा आला की मराठीत ती दीर्घ. समासाचं पहिलं पद झाला की ऱ्हस्व, कारण मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त आहे. म्हणून स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह, स्मृतिग्रंथ, आणि तसंच स्मृतिव्याख्यान. मूळ शब्दच दीर्घान्त असेल तर समासातही तो दीर्घ राहतो: नदीपात्र, लक्ष्मीपूजन. ‘आम्ही दोन शब्द तोडून लिहितो, मग दीर्घ का नको?’ असं काही जण म्हणतात. पण मध्ये जागा सोडली म्हणून समास मोडत नाही. ते स्मृतीसाठीचं व्याख्यान आहे, एकच नाम आहे. ते जोडूनच लिहावं. हीच चूक रस्त्यावरच्या ‘गतीरोधक’मध्ये दिसते आणि ‘वसतीगृह’ लिहिलेल्या पाट्यांवरही. ‘वसतिगृह’ची चूक मला जास्त खटकते. महाराष्ट्रात उच्च शिक्षण गोरगरिबांच्या मुलांपर्यंत पोचलं ते आधी वसतिगृहांच्या वाटेने. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहांना आधार दिला. भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहतील, जेवतील असं वसतिगृह उभं केलं. निदान हा शब्द तरी नीट लिहिला जावा.

‘सन्मानार्थ’ इथे बसत नाही. मराठीत सन्मान होतो तो समोर बसलेल्या माणसाचा. शाल, श्रीफळ, टाळ्या त्याच्यासाठी. ताकवले सर २०२३मध्ये गेले. त्यांच्यासाठी ‘स्मरणार्थ’ किंवा ‘स्मृतिप्रीत्यर्थ’. गावोगावच्या वाचनालयांत पुस्तकांच्या कपाटांवर ‘यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’ असं रंगवलेलं असतं, तोच हा शब्द. ‘प्रीत्यर्थ’मधला ‘प्री’ मात्र दीर्घ, कारण प्रीति अधिक अर्थ. ‘प्रित्यर्थ’ छापू नका. खरं तर ‘स्मृतिव्याख्यान’ म्हटल्यावर पुन्हा ‘स्मरणार्थ’ची गरजच उरत नाही. ‘कै.’चीही नाही. शिवाय ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. सर्व धर्मांच्या, श्रद्धांच्या माणसांना सामावून घेण्याबद्दलच्या व्याख्यानमालेत हे अक्षर पुढच्या वर्षी कुणाच्या तरी नावाआधी अडणारच.

याच बाईंनी पुढे विचारलं आहे की हयात व्यक्तीच्या नावाने व्याख्यान ठेवलं तर काय म्हणायचं. मराठीत याची सोय आधीपासून आहे. माणूस गेल्यावर निघतो तो स्मृतिग्रंथ, हयातीत निघतो तो गौरवग्रंथ. त्याच न्यायाने ‘गौरव-व्याख्यान’. दोन ‘व’ शेजारी आल्यामुळे वाचताना अडखळायला होतं, म्हणून मी इथे संयोगचिन्ह देईन. आणि तिथे कार्यक्रमपत्रिकेत ‘आदरांजली’ छापू नये. हा शब्द आता गेलेल्यांसाठीच वापरला जातो. मात्र ‘शताब्दी’ म्हटलं की माणूस गेलेलाच असणार, असं धरून चालू नका. महर्षी कर्व्यांचा जन्म १८५८चा. १९५८मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली, त्याच वर्षी भारतरत्न मिळालं, आणि अण्णा हे सगळं पाहायला होते.

आता ‘समावेशी’. तो हिंदीतून आलेला आहे. मराठीत ‘समावेशक’ चांगला रुळलेला शब्द आहे, तो वापरावा. शालेय शिक्षणाच्या कामकाजात ‘समावेशित शिक्षण’ असंही म्हणतात, मुख्यतः दिव्यांग मुलांच्या संदर्भात. उच्च शिक्षणाबद्दल व्यापक अर्थाने बोलायचं तर ‘समावेशक’च बरा. त्याला ‘सर्व’ जोडायची वर्तमानपत्री सवय मला पटत नाही. सर्व म्हटलं की कोण कोण, हे सांगायचं राहून जातं. ‘रयत’ या शब्दात ते सांगितलेलं होतं.

‘प्रणेते’वर तर फुलीच मारा. वर शाहू महाराज आणि भाऊराव आले आहेत, त्यांच्याआधी जोतीराव आणि सावित्रीबाई. या सगळ्यांनंतर आलेल्या माणसाला प्रणेता म्हणणं त्यालाही आवडलं नसतं असं मला वाटतं. ताकवले सरांचं काम विशेषणावाचूनही मोठं आहे. भौतिकशास्त्राचा हा प्राध्यापक आधी पुणे विद्यापीठाचा कुलगुरू झाला, मग १९८९मध्ये नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पहिला कुलगुरू, आणि पुढे दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा. नाशिकच्या विद्यापीठाची भाषाच बघा: अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र, शिक्षणक्रम. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बारावी झालेली नाही अशांसाठी तिथे ‘पूर्वतयारी’ होती. ती करून पदवीच्या शिक्षणक्रमाला बसता येई. लग्नानंतर शाळा सुटलेली बाई, पाळीत काम करणारा कामगार, रोज वर्गात जाऊ न शकणारा शेतकरी, यांच्यासाठी हे दार होतं. ‘पूर्वतयारी’ या साध्या शब्दात जेवढं समावेशन आहे, तेवढं मसुद्यातल्या ‘सर्वसमावेशी’त नाही. म्हणून विशेषणाच्या जागी काम लिहा.

माझ्या मते ओळ अशी व्हावी:

‘यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे संस्थापक कुलगुरू प्रा. राम ताकवले स्मृतिव्याख्यान’

आणि खाली, लहान अक्षरांत, ‘विषय: समावेशक उच्च शिक्षण’, पुढे त्या वर्षीचा नेमका प्रश्न. पहिल्या वर्षी ‘पहिले पुष्प’ छापायचा मोह होईल. पुष्प मालेत गुंफतात. दरवर्षी व्याख्यान होणार हे नक्की ठरलं असेल, पुढच्या वर्षीची तरतूद झाली असेल, तर जरूर ‘पुष्प पहिले’ छापा. ते ठरलेलं नसेल तर नुसतं ‘व्याख्यान’ लिहा, आणि माला सुरू झाल्यावर दुसऱ्या वर्षी ‘पुष्प दुसरे’ म्हणायला काहीच हरकत नाही.