भाषांतर की अनुवाद? आणि त्यातलं 'अंतर' कोणतं?

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, आता मराठीत आलेल्या जर्मन कथांवर प्रबंध लिहिते आहे. शीर्षकात 'भाषांतरे' असं लिहिलं होतं. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ते खोडून 'अनुवाद' केलं. म्हणाले, शब्दाला शब्द ठेवलेलं ते भाषांतर, भाव उतरवला तर अनुवाद. शिवाय भाषांतर म्हणजे दोन भाषांमधलं अंतर, हेही त्यांनी सांगितलं. हे बरोबर आहे का?"

दुसरं विधान साफ चूक आहे. पहिलं आज काही जण पाळतात, एवढ्यापुरतंच खरं.

आधी 'अंतर' निकालात काढू. पुणे–मुंबई अंतर किती, यातलं अंतर इथे नाही. संस्कृतात समासाच्या शेवटी येणाऱ्या 'अंतर'चा एक अर्थ 'दुसरा' असा आहे. देशांतर म्हणजे दुसरा देश, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, आणि 'गत्यंतर नाही' म्हणताना आपण 'दुसरी गती नाही, दुसरा मार्ग नाही' असंच म्हणत असतो, फक्त ते जाणवत नाही. तसं भाषांतर म्हणजे मुळात नुसती 'दुसरी भाषा'. मराठीत तो शब्द क्रियेकडे सरकला: दुसऱ्या भाषेत नेणं, आणि नेलेला मजकूरही. स्थलांतराचं असंच झालं, दुसरी जागा म्हणता म्हणता तिथे जाणं. (पाठांतर मात्र घोळ घालतं. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांना पाठांतर म्हणजे 'दुसरा पाठ', पाठभेद. शाळेतल्या पोराला तेच पाठांतर म्हणजे घोकंपट्टी.) त्यामुळे 'दोन भाषांतलं अंतर कापणारा तो भाषांतरकार' हे वाक्य परिसंवादात टाळ्या घेतं खरं, पण व्युत्पत्ती म्हणून त्याला किंमत नाही.

आता अनुवाद. अनु म्हणजे मागून, वाद म्हणजे बोलणं. आधी कोणी बोललं, ते मागाहून पुन्हा बोलायचं. न्याय आणि मीमांसा या शास्त्रांत हा शब्द पक्का पारिभाषिक आहे. विधी, म्हणजे 'हे कर' असं सांगणारं वेदवाक्य, काहीतरी नवं सांगतं; अनुवाद आधीच माहीत असलेलं पुन्हा सांगतो. मीमांसकांचं ठरलेलं उदाहरण 'अग्निर्हिमस्य भेषजम्', थंडीवर औषध अग्नी. हे कळायला वेद कशाला हवा, शेकोटीपाशी बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणून ते वाक्य अनुवाद. जुन्या शास्त्र्याच्या तोंडी 'हा नुसता अनुवाद आहे' याचा अर्थ 'यात नवीन काही नाही' असा होईल. म्हणजे आज ज्या शब्दाला आपण सर्जनशीलतेचा मान देतो, तो शास्त्रात नेमका नावीन्याच्या अभावासाठी वापरला जायचा! अर्थात यावरून प्राध्यापक चुकले असं मी म्हणणार नाही. शब्दाचं कूळ काढून त्याचा आजचा अर्थ ठरत नाही, वापरावरून ठरतो.

तर वापरच पाहू, आणि तो पुण्यातलाच पाहू. आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' हे नाटक छापलं, ते 'हॅम्लेट'चं 'भाषांतर' म्हणून. पात्रांना देशी नावं, आणि तरीही भाषांतरच. शब्दाला शब्द ठेवण्याचा अर्थ त्या काळी या शब्दाला चिकटलेला असता, तर आगरकरांसारख्या काटेकोर माणसाने तो घेतला नसता. पुढे १८९४ मध्ये वि. का. राजवाड्यांनी मासिक काढलं, त्याचं नावच 'भाषांतर'. प्लेटोचं 'रिपब्लिक' मराठीत आणायला घेतलेल्या माणसाला हा शब्द कारकुनी वाटला नाही. त्याच्याही आधी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी! नावात अरबी, पण मराठीत आल्या इंग्रजीतून. तुमच्या विषयाला हे उदाहरण कामाचं आहे. मराठीतल्या 'जर्मन' कथांपैकी थेट जर्मनमधून किती आल्या आणि इंग्रजीच्या पुलावरून किती, हे शीर्षकातल्या शब्दापेक्षा मोठं प्रकरण आहे.

आणि साधा पुरावा आपल्या बोलण्यात पडलेला आहे. आपण 'शब्दशः भाषांतर' म्हणतो. भाषांतराचा अर्थच शब्दशः असता, तर वर 'शब्दशः' कशाला जोडावं लागलं असतं? 'स्वैर भाषांतर' तर म्हणताच आलं नसतं. 'शब्दशः अनुवाद' आणि 'स्वैर अनुवाद' हेही आपण तितक्याच सहज म्हणतो. चांगलं-वाईट विशेषणाने ठरतं, नामाने नाही.

एक उदाहरण तुमच्याच भाषेतलं. माझ्या शेजारचा मुलगा जर्मन शिकतो. धड्यात 'फायरआबेंड' आला, म्हणजे कामावरून सुटण्याची वेळ. पण सुटं पाहिलं तर फायर म्हणजे सण-समारंभ, आबेंड म्हणजे संध्याकाळ. पठ्ठ्याने वहीत लिहिलं, 'उत्सवाची संध्याकाळ'. त्या गोष्टीत एक कामगार डबा आवरून घरी निघाला होता. बाईंनी लाल पेनाने 'सुटलो एकदाचे!' असं केलं. आता मुलाचं ते भाषांतर आणि बाईंचा तो अनुवाद म्हणायचं का? मी म्हणेन, मुलाचं चुकलेलं भाषांतर, बाईंचं बरोबर आलेलं. चुकीला वेगळी जात दिली की चूक करणाऱ्याची सोयच होते: 'अहो, मी भाषांतर केलंय, अनुवाद नाही!' ही पळवाट मी ऐकलेली आहे.

मग हा भेद आला कुठून? मला दिसतं ते असं. हिंदीत आणि अखिल भारतीय संस्थांत अनुवाद हाच शब्द रुळला. साहित्य अकादमीचा १९८९ पासूनचा पुरस्कारही अनुवाद पुरस्कार. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तोच येऊ लागला, तसा भाषांतर शब्द कचेरीत उरला. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास दाखल्याचं 'भाषांतर' करून मिळतं, 'अनुवाद' कोणी मागत नाही. उलट कवितेचं भाषांतर म्हटलं की हल्ली काही कवी नाक मुरडतात. एवढी छटा आज आहे, ती मी नाकारत नाही. पण ती प्रतिष्ठेची छटा आहे, पद्धतीची नव्हे. शिवाय ही वाटणी सगळ्या भाषांत नाही. मल्याळममध्ये भाषांतराला चक्क 'परिभाषा' म्हणतात, तेलुगूत आपला जुना 'तर्जुमा' अजून चालतो.

रूपांतर मात्र वेगळं, तिथे भेद खरा आहे. देवलांच्या 'झुंझारराव'मध्ये ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डेमोनाची कमळजा झाली, सगळा संसार इकडचा झाला. त्यांचा 'संशयकल्लोळ' तर मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून मर्फीने इंग्रजीत केलेल्या नाटकावरून आलेला, आणि तरी फाल्गुनराव अस्सल मराठी संशयी नवरा. (आगरकरांनीही नावं बदलली होती, मग तेही रूपांतर का नव्हे, असं कोणी विचारेल. सीमारेषेवर थोडी ओढाताण राहणारच.) तुमच्या कथांत अशा काही असतील तर त्यांना वेगळं काढा.

शीर्षकाचं म्हणाल तर दोन्ही चालतील. प्राध्यापकांशी या एका शब्दावरून वाद घालण्यात वर्ष घालवू नका. व्यवहाराच्या दृष्टीने अनुवादाची एक सोय आहे: अनुवादक, अनुवादित, अनुवाद्य असे शब्द त्यातून सुटसुटीत निघतात, भाषांतरकार आणि भाषांतरित जरा जड पडतात. माझा कल तरीही भाषांतराकडे, पण तो सवयीचा भाग आहे. जो घ्याल तो पहिल्या प्रकरणात एकदा व्याख्या करून शेवटपर्यंत तोच ठेवा. आणि संगणकावर 'भाषांतर' शोधून सरसकट 'अनुवाद' घालणार असाल तर मागचे-पुढचे शब्द हाताने तपासा. भाषांतर नपुंसकलिंगी, अनुवाद पुल्लिंगी. प्रश्नासोबत पाठवलेल्या मसुद्यात 'कथांचे मराठीत झालेले अनुवाद' हे अनेकवचन म्हणून निभावलं आहे, पण दोन ओळी खाली 'हे अनुवाद प्रसिद्ध झालं तेव्हा' असं राहून गेलंय.