जपानी आयडॉल गटाच्या फॅन मीटिंगला गेल्यावर नेमकं काय घडतं? दहा सेकंदांच्या भेटीसाठी एवढा खर्च करण्यात अर्थ असतो का?

तुम्ही लिहिलंय की भाचीला पहिल्या वर्षाच्या पगारातून पैसे साठवून टोकियोला जायचंय, आवडत्या आयडॉल गटातल्या, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींच्या गटातल्या, मुलीला प्रत्यक्ष भेटायचंय, आणि घरात सगळ्यांना हे खूळ वाटतंय. दहा सेकंदांत होतं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी 2017 ते 2021 टोकियोत नोकरीला होते आणि करोना येईपर्यंत एकेबी48 या आयडॉल गटाच्या हँडशेक कार्यक्रमांना, म्हणजे चाहत्यांनी मुलींशी हात मिळवायच्या भेटींना, नेमाने जात होते. एकूण अकरा वेळा गेले. तेव्हा ऐकीव काही सांगत नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगते. डिसेंबर 2005 मध्ये टोकियोच्या आकिहाबारा भागात, डॉन किहोते या दुकानाच्या इमारतीत आठव्या मजल्यावर, एकेबी48 चं अडीचशे माणसांचं एक छोटं थिएटर सुरू झालं. निर्माते आकिमोतो यासुशी यांची कल्पना अशी, की आयडॉल म्हणजे टीव्हीतच दिसणारी लांबची व्यक्ती नको. जिला रोज रंगमंचावर बघता येईल, जिला जाऊन भेटता येईल, अशी ती असावी. पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेले सामान्य प्रेक्षक फक्त सात होते, ही गोष्ट तिथले जुने चाहते आजही अभिमानाने सांगतात. त्याच गटाची सिंगल्स, म्हणजे एकेका नव्या गाण्याच्या सीडी, पुढे सलग कित्येक वर्षं दहा लाखांच्या वर खपली, आणि त्या खपामागे हँडशेकच्या तिकिटांचा मोठा वाटा होता.

कारण तिकीट सीडीबरोबर येतं. मी जात होते तेव्हा दोन प्रकार होते. एक देशभर फिरणारा मोठा कार्यक्रम, त्यात दुकानातल्या सीडीत निघालेलं तिकीट घेऊन जायचं, दोन-तीन सेकंद हात मिळवायचा आणि पुढे सरकायचं. दुसरा प्रकार वैयक्तिक भेटीचा. त्यासाठी 'थिएटर आवृत्ती'ची सीडी ऑनलाइन मागवावी लागे, एकीची किंमत साधारण 1000 येन. मागवतानाच कोणती मुलगी, कोणती तारीख, दिवसातला कितवा भाग हे निवडायचं आणि मग सोडतीची वाट बघायची. एका तिकिटाला दहा सेकंदांच्या आसपास वेळ मिळायचा. दोन-तीन तिकिटं एकदम दिली तर वेळ वाढायचा. आवडत्या मुलीला तिथे 'ओशी' म्हणतात. माझ्या ओशीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ती आता त्या क्षेत्रात नाही, तिला तिचं आयुष्य शांतपणे जगू द्यावं.

पहिल्यांदा गेले तो 2018 चा हिवाळा. मी निशि-कासाईत राहायचे. भारतीयांची मोठी वस्ती असलेला भाग तो, कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ आणि कढीपत्ता मिळायचा. तिथून तोझाई लाइनने निशि-फुनाबाशी, तिथे गाडी बदलून काइहिन-माकुहारी, आणि मग माकुहारी मेस्सेची ती अवाढव्य सभागृहं. आत शिरल्यावर गाणं नाही, रंगमंच नाही. छताला टांगलेल्या पाट्यांवर मुलींची नावं, प्रत्येक नावाखाली पडद्यांनी आडोसा केलेली एक खोली आणि खोलीपासून निघालेली रांग. दोन भागांच्या मधल्या वेळात लोक जमिनीवर बसून डबे खात होते, एकमेकांना फोटो दाखवत होते. मला थेट आपल्याकडच्या यात्रेतला मुक्काम आठवला.

माझ्या पुढे साठीच्या घरातले एक गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, छातीवर कातकाना या जपानी लिपीत नाव लिहिलेली पट्टी. मी नवखी आहे हे त्यांनी ओळखलं. खिशातून कोरी चिकटपट्टी आणि पेन काढून म्हणाले, नाव मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे सांगण्यात वेळ जात नाही. पुढे म्हणाले, लांब उत्तर द्यावं लागेल असं काही विचारू नका, ती बोलायला लागते आणि वेळ संपतो, मग दिवसभर तिच्या मनाला ते लागून राहतं. आपला वेळ वाया जाऊ नये म्हणून सांगताहेत असं मला आधी वाटलं होतं. त्यांना काळजी तिची होती. रांग संपत आली तशी त्यांनी पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली, रुमालाने दोन्ही तळहात कोरडे केले आणि कॉलर सारखी केली. गेल्या सात वर्षांत एकही फेरी चुकवली नाही, म्हणाले.

त्या दिवशी माझ्या हातांवर मेंदी होती. आठवड्यापूर्वीच पुण्यात मामेबहिणीचं लग्न झालं होतं, आणि कोपरापर्यंतची मेंदी चांगली गडद लाल चढली होती. खोलीत जाण्याआधी तपासणी असते. पिशवी बाजूला ठेवायची, धातुशोधक यंत्र अंगावरून फिरतं, आणि दोन्ही तळहात उघडून दाखवायचे. याला कारण आहे. 25 मे 2014 रोजी इवाते प्रांतातल्या ताकिझावा इथे हँडशेक चालू असताना एकाने करवतीने हल्ला केला, गटातल्या दोन मुली आणि एक कर्मचारी जखमी झाले. त्यानंतर ही तपासणी फार कडक झाली. तिच्याबद्दल कुरकुर करणारा चाहता मी पाहिला नाही, आणि कोणी करूही नये असं माझं ठाम मत आहे. अनोळखी माणसांच्या हातात दिवसभर हात देत उभं राहणाऱ्या मुलींचा हा प्रश्न आहे.

तर माझे तळहात बघून तो कर्मचारी थबकला. जपानमध्ये गोंदणाकडे जरा संशयाने बघतात. मी घाईघाईने सांगितलं, गोंदण नाही, पानांचा रंग आहे, लग्नात लावतात, दोन आठवड्यांत जातो. त्याने मान लववली आणि आत सोडलं. माझ्या घशाला कोरड पडली होती. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं सगळं जपानी, ऑफिसात वर्षभर बोललेलं जपानी, सगळं पुसलं गेलं. रांगेत पन्नास वेळा घोकलेलं वाक्य होतं, "तुझं गाणं ऐकत मी ही भाषा शिकले." त्यातला पहिला शब्दही आठवेना.

तिने हात पुढे केला. माझा हात हातात घेतला, आणि तिचं लक्ष मेंदीकडे गेलं. तिने माझा तळवा वर वळवला, दुसरा हातही मागून घेतला आणि दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरून बघत राहिली. डाव्या हातावरचा मोर तिने अंगठ्याने हळूच चाचपला, उठून येतो की काय असं बघितल्यासारखा. "हाना!" म्हणाली. फुलं! मी म्हटलं, "इंडो." भारत. एवढंच. तेवढ्यात खांद्यावर हात पडला, "ओजिकान देसु." वेळ झाली. वेळ संपली की चाहत्याला बाजूला करणाऱ्या या माणसांना 'हागाशी' म्हणतात, म्हणजे सोलून काढणारे. शब्द कठोर आहे, पण त्याने मला हलकेच पुढे केलं. ती मागून "माता किते ने" म्हणाली, पुन्हा ये हं. बाहेर आले तेव्हा ते गृहस्थ थांबलेले होते. कसं झालं, त्यांनी विचारलं, आणि मला रडू फुटलं.

तीन महिन्यांनी परत गेले. हात कोरे होते. तिने माझ्या नावाची पट्टी बघितली, मग हात बघितले आणि म्हणाली, "क्यो वा हाना, नाइ नो?" आज फुलं नाहीत का? याला तिथल्या भाषेत 'निन्ची' म्हणतात, म्हणजे आयडॉलने चाहत्याला ओळखणं, लक्षात ठेवणं. कोणी वर्षानुवर्षं जातं आणि ते मिळत नाही. मला दुसऱ्याच भेटीत मिळालं ते मेंदीमुळे, हे मला माहीत आहे. पण त्या तीन महिन्यांत तिने हजारो हात हातात घेतले असतील, आणि तरी माझे तिच्या लक्षात होते.

हे सगळं पैसे देऊन मिळालेलं, म्हणजे खोटंच ना, असं मला भावाने विचारलं होतं, आणि तुमच्या प्रश्नातही तोच सूर आहे. माझी आई शाळेत शिक्षिका होती. वर्गातल्या पन्नास मुलांची नावं तिला दुसऱ्या आठवड्यात पाठ झालेली असायची, कोणाची आजी आजारी आहे हेही. तिला त्याचा पगार मिळायचा. म्हणून त्या मुलांना झालेला आनंद खोटा होता का? माझी ओशी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी राहून, प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून बोलायची. पाचव्या भागातल्या शेवटच्या माणसाशीही पहिल्यासारखंच. हे काम आहे, अवघड काम आहे, आणि ती ते मनापासून करायची. थंडपणे वागणाऱ्या मुलींना चाहते 'मिठाचं वागणं' म्हणत नावं ठेवतात. मला ते कधीच पटलं नाही. सातशेव्या हाताला थोडं कमी हसू आलं तर त्यात गुन्हा काय?

पैशांबद्दल मात्र तुमची काळजी रास्त आहे. मी एका कार्यक्रमाला पाच तिकिटं एवढाच नेम ठेवला होता, म्हणजे पाचेक हजार येन, तेव्हाच्या भावाने तीन हजार रुपयांच्या आसपास. तिकिटांची जाडजूड चवड घेऊन फिरणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि महिनाअखेरीला त्यांचं काय होत असेल या विचाराने पोटात कालवायचं. शिवाय सीडी. एकच सीडी पन्नासदा घेऊन करायचं काय? 2017 मध्ये फुकुओका प्रांतात डोंगरात शेकडो सीडी टाकून दिल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं होतं. मी दर सुट्टीत माझ्याकडच्या सीडी पुण्याला आणून जपानी शिकणाऱ्या मुलांना वाटायचे. विक्रीची ही पद्धत चाहत्याच्या जीव लावण्यावर हात मारते, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. म्हणून भाचीला जायला बंदी करू नका, पण निघायच्या आधी घरीच खर्चाचा आकडा ठरवू द्या आणि तो कागदावर लिहून ठेवू द्या. तिथल्या रांगेत उभं राहिल्यावर आकडे लक्षात राहत नाहीत.

2020 च्या सुरुवातीला करोनामुळे हँडशेक थांबले आणि त्यांच्या जागी मोबाइलवरच्या ऑनलाइन गप्पा आल्या. पडद्यावर ती आणि आपण, आणि वेळ संपला की पडदा काळा. खांद्यावर हात ठेवणारं कोणी नाही. तेव्हा मला त्या हागाशीची आठवण यायची हे खरं सांगते. ओशीने गट सोडायचं जाहीर केलं, त्याला तिथे 'पदवीदान' म्हणतात. तिच्या शेवटच्या ऑनलाइन भेटीच्या आदल्या रात्री मी निशि-कासाईच्या दुकानातून मेंदीचा कोन आणला आणि डाव्या हातावर स्वतःच काढायला बसले. मोर काही जमला नाही, कोयऱ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी तो हात कॅमेऱ्यासमोर धरला. ती काही बोलली नाही. तिने आपला तळवा तिच्या बाजूने कॅमेऱ्यावर टेकवला, आणि माझा पडदा वेळ संपेपर्यंत तिच्या हाताच्या सावलीने भरून राहिला. त्यानंतर काही महिन्यांनी मी पुण्याला परतले.

मुंबईसाठीही असा एक गट काढायची घोषणा झाली होती, पण त्याचं थिएटर काही उभं राहिलं नाही. ते झालं असतं तर भाचीला विमानाचं तिकीट काढावं लागलं नसतं.

आता तिच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. आवडता गट कोणताही असो, जायच्या आधी त्या कार्यक्रमाचे नियम नीट वाचायला सांगा. प्रत्येक ठिकाणी हात मिळवायला मिळतोच असं नाही, कुठे मध्ये अंतर ठेवून नुसतं बोलायचं असतं, कुठे सोबत फोटो असतो. अर्जासाठी बहुतेकदा जपानातला पत्ता आणि फोन नंबर लागतो, त्यामुळे तिकडे राहणारं ओळखीचं कोणी असेल तर आधीच बोलून ठेवा. पासपोर्ट जवळ हवा, मला दरवेळी ओळखपत्र दाखवावं लागलं होतं. नावाची पट्टी कातकानात, मोठ्या अक्षरांत. आणि वाक्य एकच, छोटं, आभाराचं. ते तिला जपानीत बसवून हवं असेल तर इथेच खाली लिहायला सांगा, मी करून देईन.